कारखाना काढला, स्टार्टअप टाकलं

मराठी माणूस व्यवसाय ‘सुरू करतो’ असे आपण लिहितो. बोलताना तो धंदा काढतो, टाकतो, घालतो, मांडतो नाहीतर थाटतो. ही क्रियापदे वरवर सारखी वाटली तरी एकाच्या जागी दुसरे सहज बसत नाही. दुकान काढता येते आणि टाकताही येते. टपरी मात्र टाकतात. टपरी ‘काढली’ म्हटले तर पालिकेची गाडी येऊन गेली असाच अर्थ निघेल. पिठाची गिरणी घालतात, बाजारात पथारी मांडतात, सराफीची पेढी थाटतात. मांडलेले संध्याकाळी आवरता येते, थाटलेले आवरायला अब्रू आड येते. शाळा, वर्तमानपत्र, कंपनी आणि कर्ज या चार गोष्टी काढायच्या असतात. पहिल्या तिन्हींच्या आधी बहुधा चौथी काढावी लागते, हे भाषेला आपोआप कळलेले दिसते.

इतकी क्रियापदे असूनही नुकत्या सुरू झालेल्या धंद्याला मराठीत नाम नाही. आरंभाला आहे. मुहूर्त आहे, श्रीगणेशा आहे, ओनामा आहे. पण काल सुरू झालेल्या आणि अजून पायावर उभ्या न राहिलेल्या धंद्याला एका शब्दात काय म्हणायचे, याचे उत्तर जुन्या मराठीत सापडत नाही. लहान मुलाला तान्हे म्हणतो, नव्या झाडाला रोप म्हणतो, नव्या सुनेला नवी नवरी म्हणतो. नव्या धंद्याला ‘नवा धंदा’च म्हणतो. उलट बुडालेल्या धंद्यासाठी चांगला घट्ट शब्द आहे, दिवाळे. दिवाळी अंकात तो लिहिल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. बुडालेल्या व्यापाऱ्याने दिवसाढवळ्या दारात दिवा लावून आपली अवस्था जाहीर करायची, अशा जुन्या रीतीशी हा शब्द जोडला जातो. आणि दिवाळेही ‘काढता’च येते.

गेली तीसेक वर्षे मी भिवंडीत यंत्रमागधारकांच्या वह्या लिहितो. कीर्द, खतावणी, विक्रीकर, मग व्हॅट, आता जीएसटी. शब्दांचा नाद त्याच वह्यांतून लागला, आणि पुढे मोडी शिकलो ती जुनी कागदपत्रे वाचता यावीत म्हणून. अलीकडच्या काही वर्षांत अर्जांमध्ये आणि बँकेच्या टेबलावर एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे: ‘हा स्टार्टअप आहे का?’ समोर बसलेल्या माणसाने सहा महिन्यांपूर्वी घर गहाण टाकून बारा माग घेतलेले असतात. तो ‘हो’ म्हणतो. कागदाचे उत्तर असते ‘नाही’. दोघेही खरे बोलत असतात. हे कसे होते, याचा शोध घेताना मला तीनशे वर्षे मागे जावे लागले.

पण सुरुवात भिवंडीच्याच एका शब्दाने करू. इथला सर्वांत चालता शब्द आहे ‘कारखाना’. मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कारखाना म्हटले की धुराडे आणि भोंगा येतो. भिवंडीत सहा मागांची पत्र्याची शेड हाही कारखाना असतो, आणि राहत्या घराच्या तळमजल्यावर चार माग चालत असतील तर तोही. शब्द फारसी आहे, कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे जागा. शिवकाळात तो राज्याच्या खास खात्यांसाठी वापरला जाई. सभासदाच्या बखरीमुळे अठरा कारखाने आणि बारा महाल ही जोडी सर्वांच्या तोंडी आहे. त्या कारखान्यांत पीलखाना होता, दारूखाना होता, म्हणजे माल करण्याच्या जागेपेक्षा राज्याचा सरंजाम सांभाळण्याची ती व्यवस्था होती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत जहाजबांधणीला हात घातला, तेव्हा इथे उभे राहिलेले कामही राज्याचेच होते. खासगी माणसाने आपल्या पैशाने उभा करायचा तो कारखाना, हा अर्थ बराच नंतरचा.

तो अर्थ भिवंडीत घट्ट केला विणकरांनी. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशातल्या विणकर वस्त्यांतून मोमीन कुटुंबे आग्रा रोडने दक्षिणेकडे सरकली; काही मालेगावात थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरही इथे स्थिरावले. हातमागाच्या जागी विजेचा माग आला आणि घराचा एक कोपरा ‘कारखाना’ झाला. आजही इथे कारखाना ही आकाराची गोष्ट नाही. माग ज्याचा, कारखाना त्याचा. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मालकाला मिळते ती विणाईची मजुरी, तरी तो कारखानदार.

कायद्याच्या मराठीत हाच शब्द वेगळा वागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज वापरून दहा किंवा अधिक कामगार जिथे काम करत, तो कारखाना मानला जाई. त्यामुळे भिवंडीतल्या कारखानदाराची अनेक वर्षांची धडपड अशी राहिली, की आपला कारखाना कायद्याच्या अर्थाने कारखाना ठरू नये. एका छपराखाली वीस माग, पण कागदावर दोन किंवा तीन घटक: एक बापाच्या नावाचा, एक मुलाच्या, एक सुनेच्या. उत्पादन शुल्कानेही हीच वाट दाखवली. पन्नाशीच्या दशकात शुल्क माग मोजून लागत असे आणि चार मागांपर्यंतच्या घटकाला सूट, अशी मर्यादा एका काळी होती. मग चार-चार मागांचे घटक जन्माला येणारच. जुन्या वह्या चाळताना मला एकाच पत्त्यावरची, एकाच शाईतली, ओळीने ‘नवी’ खाती दिसतात. त्यांच्यात नवे काय होते? नाव. आणि आकडा, जो चारच्या पुढे जात नव्हता.

यात लबाडी होती का? होती, पण सगळी लबाडी नव्हती. बाप गेला की भावाभावांत माग वाटले जातात आणि खरोखरच दोन कारखाने होतात. कामगाराने मालकाचे चार माग हप्त्याने घेतले की खरोखरच एक नवा कारखानदार होतो. कागदावरचा नवा आणि खरा नवा हे एकाच शेडमध्ये, एकाच पत्र्याखाली राहिले, आणि बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला त्यांतला फरक दिसणे अवघड होते. मला वाटते, पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

नव्या धंद्याला राज्याने सवलत द्यायची, ही कल्पना अगदी आपल्या मातीतली आहे. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर शेट्याला कौल दिला जाई. व्यापाऱ्यांनी येऊन घरे-दुकाने बांधावीत, काही वर्षे जकात माफ, काही वर्षे वेठबिगार माफ, असे अभय त्यात असे. ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाला ‘इस्तावा’ मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असे चढत काही वर्षांनी पूर्ण धारा. करसवलतीच्या आजच्या भाषेत सांगायचे तर चढत्या दराची सूट. इस्तावा हा शब्द आज कोणी वापरत नाही, ही मला मोठी हानी वाटते. नवे काम पहिल्या वर्षी पूर्ण भार सोसू शकत नाही, हे शेतसाऱ्याच्या हिशेबात सांगणारा तो नेमका शब्द होता.

अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी सावकारांना राज्याची शोभा मानले आहे. नव्या पेठा वसवाव्यात, बाहेरच्या सावकारांना आणून ठेवावे, असा त्यांचा सल्ला आहे. पण ‘नवा आला’ म्हणून सरसकट स्वागत नाही. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी जागा द्यावी लागलीच तर ती खाडीच्या किंवा समुद्राच्या तोंडाशी देऊ नये, आत गावांजवळ द्यावी, अशी सावधगिरी तिथे आहे. सवलत द्यायची, पण कोणाला, कुठे आणि किती काळ, हे राज्याने ठरवायचे. हा विचार पुढे कधी सुटला नाही.

स्वतंत्र भारतात ‘नवा उद्योग’ कायद्यात आला १९४९ मध्ये. १९२२ च्या आयकर कायद्यात १५-सी हे कलम घातले गेले आणि नव्या औद्योगिक उपक्रमाच्या नफ्याच्या एका भागाला काही वर्षे करमाफी मिळाली. देशाला कारखाने हवे होते, त्यामुळे हेतू उघड होता. पण सवलतीबरोबर अटही आली: हा उपक्रम आधीच्या धंद्याचे तुकडे करून किंवा फेररचना करून झालेला नसावा, आणि आधी वापरात असलेली इमारत किंवा यंत्रे त्यात हलवून तो उभा केलेला नसावा. ‘नवे’ म्हणजे काय, याची व्याख्या ‘काय नसावे’ अशा नकारातून झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक सवलतीत ती जवळपास त्याच शब्दांत उतरत आली आहे.

या अटीवरचा एक गाजलेला खटला महाराष्ट्रातला आहे. पुण्याची बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली. त्याआधी तेच तीनचाकी वाहन बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन मुंबईत गोरेगावला बनवत होती. नव्या कंपनीने गोरेगावची इमारत भाड्याने घेतली आणि काही हजार रुपयांची जुनी हत्यारे आपल्याकडे घेतली. मग हा उद्योग नवा की जुना? आयकर खात्याचे म्हणणे, जुनी इमारत वापरली म्हणजे अट मोडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उद्योगवाढीसाठी दिलेल्या सवलतीचा अर्थ उदारपणे लावावा, इमारत भाड्याने घेतली म्हणजे त्या इमारतीतून उद्योग ‘निर्माण’ झाला असे होत नाही, हे त्याचे सार. करकायद्याच्या वकिलांना हा निकाल तोंडपाठ असतो. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ज्या कंपनीचे नवेपण ठरवायला न्यायालयाला १९९२ साल उजाडले, तिच्या वाहनाचे नाव मराठीने कधीच सामान्यनाम करून टाकले होते. भिवंडीतून कापडाचे तागे घेऊन जाणारी कोणत्याही कंपनीची चारचाकी असो, ती ‘टेम्पो’च असते. लोकांनी शब्द जुना करून झिजवला तरी कायद्याचा ‘हा नवा की जुना’ हा वाद चालूच होता.

आता ‘स्टार्टअप’कडे येऊ. इंग्रजीत हा शब्द जुना आहे आणि त्याची सुरुवात फारशी सन्मानाची नाही. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात तो येतो तो एकाएकी वर आलेल्या तरुणाला हिणवण्यासाठी. आपण ‘उपटसुंभ’ म्हणू तसा. नव्या कंपनीसाठी तो रूढ झाला १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या व्यापारविषयक नियतकालिकांत, संगणकाच्या धंद्यात पैसे गुंतवणाऱ्यांच्या संदर्भात. म्हणजे शब्द पहिल्यापासून गुंतवणूकदाराच्या तोंडचा. धंदा करणाऱ्यापेक्षा त्यात पैसे लावणाऱ्याला नवेपणाचे अप्रूप जास्त होते, कारण नवी गोष्ट मोठी झाली तर पैसे अनेक पटींनी परत येतात. आपल्याकडे हा शब्द वर्तमानपत्रांत येत-जात होता. त्याला सरकारी शिक्का मिळाला १६ जानेवारी २०१६ रोजी, ‘स्टार्टअप इंडिया’ मोहिमेने.

पहिल्या व्याख्येत धंदा पाच वर्षांच्या आतला आणि वार्षिक उलाढाल २५ कोटींच्या आत हवी होती. १९ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने ती मुदत दहा वर्षांची आणि मर्यादा १०० कोटींची झाली. त्यात घटक खासगी मर्यादित कंपनी, नोंदणीकृत भागीदारी किंवा मर्यादित दायित्वाची भागीदारी असावा, अशी अट होती. वस्तू, प्रक्रिया किंवा सेवेत काही नवे असावे, किंवा रोजगार वा संपत्ती वाढवण्याची मोठी क्षमता असावी. आणि शेवटी ते जुने वाक्य: आधीच्या धंद्याचे तुकडे करून वा फेररचना करून तो झालेला नसावा.

आता ही फूटपट्टी भिवंडीच्या शेडमध्ये नेऊ. इथला बहुतेक छोटा कारखानदार एकल मालक असतो, ना कंपनी, ना नोंदणीकृत भागीदारी. म्हणजे तो पहिल्याच ओळीत बाद. समजा त्याने सनदी लेखापालाकडे जाऊन कंपनी काढली. मग आयकर कायद्याचे ८०-आयएसी हे कलम आहे. पात्र स्टार्टअपला पहिल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही सलग तीन वर्षांच्या नफ्यावर पूर्ण वजावट, असे ते कलम. त्यातही यंत्रांची अट आहे. आधी वापरलेली यंत्रे एकूण यंत्रांच्या किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत.

इथे भिवंडीचा सगळा इतिहासच आडवा येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या, कापडाची मागणी बंद पडली नाही. ती यंत्रमागांकडे वळली. पुढे गिरण्यांच्या ‘साचेखात्या’तले जुने साचे भंगाराच्या भावाने निघाले आणि त्यांतले कितीतरी ट्रकने भिवंडीत आले. गिरणगावात ज्याला ‘साचा’ म्हणत, त्याचा इथे ‘लूम’ झाला. गिरणीत साचेवाल्याने जो साचा चालवला, तो इथे कोणाचा तरी पहिला कारखाना ठरला. म्हणजे भिवंडीत नवा धंदा जुन्या यंत्रावरच उभा राहिला. माणूस नवा, कर्ज नवे, जोखीम नवी, यंत्र मात्र दुसऱ्याच्या मरणातून आलेले.

या कलमातली एक तरतूद वाचून मी ती दोनदा वाचली. परदेशात वापरलेले यंत्र भारतात पहिल्यांदाच आयात केले असेल, आणि त्यावर इथे कोणी घसारा घेतलेला नसेल, तर ते ‘आधी वापरलेले’ धरायचे नाही. मुंबईच्या गिरणीत वीस वर्षे चाललेला साचा जुना. युरोपातल्या गिरणीत वीस वर्षे चाललेला रॅपियर लूम कायद्याच्या नजरेत जुना नाही. त्यामागे कारण आहे, मी नाकारत नाही: देशाबाहेरून येणारे यंत्र देशाच्या एकूण क्षमतेत भर घालते, देशातल्या देशात हलवलेले घालत नाही. हिशेबनीस म्हणून मला ते पटते. पण मग ‘नवा’ हा शब्द इथे माणसाला लागलेला नाही, यंत्रालाही नाही. तो देशाच्या सीमेला लागलेला आहे, हे स्पष्टपणे म्हटलेले बरे.

याच काळात सरकारने एक दुसरा शब्दही बाजारात आणला, ‘उद्यम’. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. ही नोंदणी एकल मालकालाही मिळते. वह्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी भिवंडीत त्या काळात अशा कितीतरी नोंदण्या केल्या. मराठी वाचकाला हा शब्द नवा वाटायचे कारण नाही, कारण ‘उद्यम’पासूनच मराठीत ‘उदीम’ झाला. उदीम म्हणजे व्यापार आणि उदमी म्हणजे व्यापारी. मोल्सवर्थच्या कोशातही ते आहेत आणि जुन्या पत्रांतून उदमी लोकांच्या रखवालीची चिंता सारखी दिसते. मग मराठी वृत्तपत्रांनी स्टार्टअपला प्रतिशब्द शोधला ‘नवउद्यम’ किंवा ‘नवउद्यमी’. संधीचे नियम पाळायचे तर तो ‘नवोद्यम’ व्हायला हवा, पण ते जाऊ द्या. जिथे सरकारी खात्याच्या नावात ‘नावीन्य’ची ‘नाविन्यता’ होऊ शकते, तिथे संधीचा आग्रह कोणी धरायचा? मुद्दा वेगळा आहे. आज भिवंडीचा यंत्रमागधारक ‘उद्यम’ आहे, पण ‘नवउद्यम’ नाही, मग त्याने माग काल बसवलेले असोत. ‘उद्यम’च्या आधी ‘नव’ लावले की तो बाहेर. विशेषण लावल्यावर अर्थ आकसतो हे व्याकरण सांगते. पण इथे ‘नव’चा अर्थ ‘नवीन’ असा राहिलेलाच नाही.

मुद्रा योजनेने हे जास्त माणुसकीने केले, असे मला वाटते. २०१५ च्या त्या योजनेत कर्जाचे टप्पे सुरुवातीला शिशु, किशोर आणि तरुण असे होते. शिशु ५० हजारांपर्यंत. धंद्याला बाळ म्हटले की त्याने रडायची, पडायची मुभा आपोआप येते. २०१६ च्या ‘स्टँडअप इंडिया’त अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना पहिल्यांदाच उभ्या केलेल्या व्यवसायासाठी १० लाख ते १ कोटीचे कर्ज होते. तिथे ‘पहिल्यांदा’ हा शब्द माणसाला लागत असे: त्या माणसाचा हा पहिला धंदा आहे का, एवढाच प्रश्न. भिवंडीच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘नवा शेठ’ या शब्दाच्या सगळ्यांत जवळ ही कल्पना येते.

बाजाराची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. सुताच्या बाजारात नवेपणा हा गुण नव्हता, दोष होता. सूत उधारीवर मिळते, कापड उधारीवर जाते, आणि मधल्या साठ-नव्वद दिवसांत सगळा विश्वास फर्मच्या नावावर असतो. सुताचा व्यापारी आधी विचारतो, फर्म किती जुनी? कारण त्याने अनुभव घेतलेला असतो: माल उचलायचा, पैसे थकवायचे, फर्म बंद, आणि दुसऱ्या महिन्यात त्याच गाळ्यात दुसऱ्या नावाची पाटी. अशी ‘नवी फर्म’ मी वह्यांत पाहिली आहे. म्हणून जुन्या पेढ्या पाटीवर स्थापनेचे साल मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि ‘आणि मंडळी’ किंवा ‘अँड सन्स’ लावून मागे माणसे उभी असल्याचे सांगतात. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हे जाणून घेणे सोपे झाले. क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख पडद्यावर येते. बरेच व्यापारी गासडी सोडण्यापूर्वी ती तारीख बघतात. तीन महिन्यांपूर्वीची असेल तर रोख.

एकाच तारखेचे हे दोन अर्थ आहेत. सुताच्या पेढीवर ती ताजी असणे म्हणजे धोका. सवलतीच्या अर्जावर ती ताजी असणे म्हणजे पात्रता. कायद्यातले ते ‘तुकडे करून झालेला नसावा’ हे वाक्य मला बाजाराच्या त्याच शंकेचे सरकारी रूप वाटते. सरकारलाही नाव बदलून आलेल्या जुन्या माणसाची भीती आहे. फरक इतकाच, की सुताचा व्यापारी नव्या माणसाला रोखीने का होईना पण सूत देतो, दोन-चार व्यवहार पाहतो आणि सहा महिन्यांनी उधारी सुरू करतो. तो इस्ताव्याच्या पद्धतीने विश्वास वाढवतो. अर्जावर मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोनच रकाने असतात. आपल्या कायद्यात एक तिसरा रकाना असायला हवा, असे माझे मत आहे: एकल मालकाचा, जुन्या यंत्रावरचा, पण त्या माणसाच्या आयुष्यातला पहिला धंदा. त्याला करमाफी देऊ नका हवी तर, चढता दर द्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या महसूल कारकुनाला ते जमत होते.

भिवंडीभोवतीच्या गावांत दरम्यान दुसरेच काही उगवले आहे. मुंबईच्या जकातीमुळे माल शहराबाहेर साठवणे परवडे, म्हणून काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली, वळ या पट्ट्यात गोदामे झाली. २०१७ मध्ये जकात गेली तरी ती गेली नाहीत, उलट वाढली. मोबाइलवर मागवलेल्या मालाचा मोठा हिस्सा आज इथून निघतो, आणि ज्या कंपन्यांचा तो माल, त्यांतल्या कितीतरी कंपन्या स्टार्टअप म्हणून जन्मल्या. ज्याच्या जमिनीवर गोदाम उभे आहे तो आगरी शेतकरी मात्र ‘गोदाम टाकलं’ म्हणतो. त्याचे क्रियापद बदललेले नाही.

आणि तेच क्रियापद आता नव्या शब्दालाही चिकटताना मी ऐकतो आहे. मराठी वर्तमानपत्रांत ‘स्टार्टअप’चे लिंग अजून ठरलेले नाही. कधी ‘तो स्टार्टअप’ (व्यवसाय या शब्दामुळे), कधी ‘ती स्टार्टअप’ (कंपनी या शब्दामुळे). भिवंडीत मात्र, विशेषतः विशी-पंचविशीतल्या मुलांच्या तोंडी, मला बहुतेक वेळा नपुंसकलिंगच ऐकू येते: ‘स्टार्टअप टाकलं’. दुकान टाकलं तसे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने वडिलांचे माग विकून इंटरनेटवरून चादरी विकायला सुरुवात केली. चादरी तो इथल्याच दुसऱ्याच्या मागावरून विणून घेतो. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मी ‘श्री’ लिहिले आणि विचारले, व्यवसायाच्या प्रकारात काय लिहू? तो म्हणाला, ‘‘काका, स्टार्टअप लिहा.’’ नोंदणी एकल मालकीची होती, त्यामुळे तो शब्द लिहायला अर्जात जागाच नव्हती. वहीत होती. तिथे मी लिहिला.